अवयवदानाचा फॉर्म भरला, पण घरी सांगितलं का?

समजा, दुचाकीच्या अपघातात डोक्याला जबर मार लागलेला एक तरुण आयसीयूत आहे. व्हेंटिलेटर सुरू आहे. छाती वरखाली होतेय, हात लावला तर अंग गरम लागतंय. आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, तो आता नाही. थोड्या वेळाने हॉस्पिटलची प्रत्यारोपण समन्वयक नातेवाइकांशेजारी येऊन बसते आणि हळूच विचारते, "तो कधी अवयवदानाबद्दल काही बोलला होता का?"

भारतात मृत्यूनंतरच्या अवयवदानाचा निर्णय बहुतेक वेळा असा, आयसीयूच्या बाहेर होतो. ज्याचे अवयव आहेत तो बोलू शकत नाही. ज्यांना बोलायचंय त्यांनी आदल्या दिवसापर्यंत या विषयाचा विचारही केलेला नसतो.

मग त्या डोनर कार्डाचं काय? नॅशनल ऑर्गन अँड टिश्यू ट्रान्सप्लांट ऑर्गनायझेशन, म्हणजे 'नोटो'च्या वेबसाइटवर २०२३ पासून आधार क्रमांक वापरून काही मिनिटांत अवयवदानाची प्रतिज्ञा नोंदवता येते. कार्डही मिळतं. पण प्रतिज्ञा म्हणजे तुमची इच्छा, अंतिम संमती नव्हे. कायद्यात मृत व्यक्तीच्या लेखी इच्छेला स्थान आहे, तरी प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांची सही असल्याशिवाय डॉक्टर पुढे जात नाहीत. घरच्यांनी नाही म्हटलं, तर विषय तिथेच संपतो. अनेकदा तर कार्ड पाकिटात असतं आणि घरात कुणाला पत्ताच नसतो.

२०२३ मध्ये देशात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली. त्या वर्षी मृत्यूनंतर अवयव देणारे दाते मात्र १,०९९ होते. १४० कोटींच्या देशात दहा लाखांमागे एकही दाता नाही. बाकीचा बहुतांश भार जिवंत दात्यांनी उचलला आणि त्यांत बायकाच जास्त असतात. नवऱ्याला किडनी देणारी बायको आणि मुलाला यकृताचा भाग देणारी आई आपल्याला स्वाभाविक वाटते. मृत्यूनंतर अवयव द्यायचा प्रश्न आला की मात्र घर थबकतं.

"श्वास चालू आहे, मग गेला कसा?"

नकारामागे धर्म असतो, असा सर्वसाधारण समज आहे. पण त्याआधी एक साधी अडचण असते. माणूस मेलाय, हेच पटत नाही.

मृत्यूची आपली कल्पना ठोकेबंद आहे. श्वास थांबतो, अंग गार पडतं. ब्रेन डेथमध्ये यातलं काहीच दिसत नाही. मेंदूचा खोडासारखा खालचा भाग, म्हणजे मेंदूस्तंभ, कायमचा निकामी झालेला असतो. श्वास घेण्याची आज्ञा तिथूनच येते, त्यामुळे श्वास मशिन देत असतं. हृदयाला स्वतःची विद्युत लय असते. ऑक्सिजन मिळतोय तोवर ते काही काळ धडधडत राहतं.

इथे कोमाची गल्लत होते. "कोमातून माणसं परत येतात की," असं कुणीतरी म्हणतंच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. पण त्या ब्रेन डेड नव्हत्या. त्यांचा श्वास स्वतःचा होता आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात हे स्पष्ट म्हटलं होतं. कोमात मेंदू जखमी असतो. ब्रेन डेथमध्ये परतीची वाट उरलेली नसते.

म्हणूनच १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने तपासणीची पद्धत कडक ठेवली आहे. चार डॉक्टरांचं मंडळ लागतं. त्यात मेंदूविकारतज्ज्ञ किंवा तत्सम तज्ज्ञ असतो आणि प्रत्यारोपण करणाऱ्या टीममधला कुणीही चालत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे पाहिलं जातं. शेवटची ॲप्निया टेस्ट असते. ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काढतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात आणि छाती स्वतःहून हलते का ते बघतात. किमान सहा तासांनी हे सगळं पुन्हा करावं लागतं. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तरच मृत्यू प्रमाणित होतो.

तरीही एक खटकणारी गोष्ट उरते आणि ती लोकांच्या लक्षात येते. ब्रेन डेथची कायदेशीर व्याख्या आपल्याकडे अवयवदानाच्या कायद्यातच आहे. त्यामुळे कुटुंबाने दानाला नकार दिला, तर अनेक रुग्णालयं व्हेंटिलेटर काढायला धजावत नाहीत. मग नातेवाइकांच्या मनात येतं, अवयव द्यायचे असतील तर मृत आणि द्यायचे नसतील तर उपचार चालू, हे कसं? हा प्रश्न अडाणीपणाचा अजिबात नाही. त्याचं सरळ उत्तर व्यवस्थेने अजून दिलेलं नाही.

विश्वास उडाला की काय होतं

केरळचं उदाहरण बोलकं आहे. २०१५ मध्ये तिथे मृत्यूपश्चात ७६ दाते होते. पुढे ब्रेन डेथ जाहीर करण्याच्या पद्धतीवर जाहीर आरोप झाले, संशयाचं वातावरण तयार झालं आणि २०१८ मध्ये हा आकडा ८ वर आला. तीन वर्षांत केरळच्या लोकांची श्रद्धा किंवा परंपरा बदलली नव्हती. बदलला होता तो डॉक्टरांवरचा भरवसा.

शेजारच्या तमिळनाडूत २००८ मध्ये एका किशोरवयीन मुलाच्या डॉक्टर आई-वडिलांनी त्याचे अवयव दिले. त्या बातमीने राज्यात या विषयाचा सूरच पालटला. २०२३ पासून तिथे अवयवदात्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतात. सन्मानाने मन वळतंच असं नाही, पण 'आपण काही चुकीचं तर केलं नाही ना' ही नातेवाइकांची बोच कमी व्हायला मदत होते.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रं प्रतीक्षायादी सांभाळतात. अवयव कुणाला मिळणार हे त्या यादीवरून ठरतं. दात्याचं कुटुंब नाव सुचवू शकत नाही आणि कुणाला मिळाला हेही त्याला सांगितलं जात नाही. अवयवांची खरेदी-विक्री केल्यास पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड आहे. "शेवटी श्रीमंतांनाच मिळतं," ही तक्रार मात्र पूर्णपणे खोडता येत नाही. यादी पैसे बघत नाही, पण खासगी रुग्णालयातल्या शस्त्रक्रियेचा आणि नंतर आयुष्यभर लागणाऱ्या गोळ्यांचा खर्च ज्याला झेपत नाही, तो यादीपर्यंत पोचणंच अवघड असतं.

देह पूर्ण हवा

"अंगाची चिरफाड नको." "पुढच्या जन्मी डोळ्यांशिवाय जन्मेल." ही वाक्यं शिकलेल्या घरांतही ऐकू येतात. पोस्टरवर दधीची ऋषींचं चित्र असतं, अस्थी दान केल्याची कथा असते. पण आयसीयूबाहेर उभ्या असलेल्या भावाला दधीची आठवत नाहीत. गावाकडून निघालेल्या आईला काय सांगायचं, हा त्याचा प्रश्न असतो.

त्याला कामाची माहिती वेगळी असते. अवयव ऑपरेशन थिएटरमध्ये काढले जातात, टाके घालून देह परत दिला जातो, अंत्यदर्शन आणि नेहमीचे विधी करता येतात. अपघाताच्या केसमध्ये पोलिसांची परवानगी आणि शवविच्छेदन लागतं, त्यामुळे वेळ जातो, हे आधीच सांगितलेलं बरं. संमतीनंतर दात्याचा देह टिकवण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च कुटुंबावर टाकता येत नाही. मुस्लिम विद्वानांमध्ये या विषयावर मतभेद आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली अवयवदानाचं जाहीर समर्थन केलं होतं.

देहदान वेगळं, अवयवदान वेगळं

मराठी घरांत हा गोंधळ फार आहे. "आमच्या आप्पांनी फॉर्म भरलाय," असं म्हणतात तेव्हा तो बहुधा देहदानाचा असतो, म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयात अभ्यासासाठी. हृदय, यकृत, किडनी हे अवयव बहुतेक वेळा ब्रेन डेथनंतरच, आयसीयूतूनच घेता येतात. हृदय काढल्यावर ते चार ते सहा तासांत दुसऱ्या छातीत बसावं लागतं, म्हणून ते ग्रीन कॉरिडॉर.

घरी, म्हातारपणी, झोपेत मृत्यू आला तर हे अवयव देता येत नाहीत. डोळे आणि त्वचा देता येते. त्यासाठी सहा तासांच्या आत नेत्रपेढी किंवा त्वचापेढीला फोन करायचा. तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची आणि वरचा पंखा बंद करायचा. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, तरी नेत्रदान होऊ शकतं. शवविच्छेदन झालेला देह मात्र वैद्यकीय महाविद्यालयं सहसा घेत नाहीत.

प्रतिज्ञा १८ वर्षांनंतर करता येते आणि कधीही मागे घेता येते. फॉर्मवर अवयव वेगवेगळे निवडायची सोय असते. त्यामुळे "बाकी सगळं घ्या, डोळे नकोत," असं वाटणाऱ्यालाही तसं नोंदवता येतं. तेही घरी सांगून ठेवावं लागतं.