हंसातील आवाज आणि एक जिंकलेली पैज



पावसाळा सरल्यावर रात्री उत्तरेच्या बाजूला उंचावर पाहा. तेथे हंस नावाचा तारकासमूह दिसेल. त्यातील सर्वांत तेजस्वी तारा देनेब. शब्द मूळचा अरबी, अर्थ शेपूट. याच हंसात एक जागा अशी आहे की तेथे नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण रेडिओ लहरी मात्र तेथून जोराने येतात. या उद्गमाला 'सिग्नस ए' म्हणतात.

अमेरिकेतील ग्रोट रेबर या रेडिओ इंजिनियरने १९३७ साली स्वखर्चाने आपल्या अंगणात एक मोठी तबकडी उभारली. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या नकाशात हंसातील ही जागा उठून दिसली. १९४८ साली ऑस्ट्रेलियात बोल्टन व स्टॅन्ली यांनी हा उद्गम आकाराने अगदी लहान असल्याचे दाखवले. पण तो आहे तरी काय? आवाज ऐकू यावा आणि बोलणारा दिसू नये, अशी अवस्था होती. त्या काळच्या रेडिओ दुर्बिणींना नेमकी जागा सांगता येत नसे, आणि त्या टापूत तारे तर असंख्य!

१९५१ साली केंब्रिजच्या ग्रॅहम स्मिथ यांनी ही जागा पुरेशा अचूकतेने मोजली व ते आकडे कॅलिफोर्नियात वॉल्टर बाडे यांना कळवले. बाडे यांनी पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीतून छायाचित्र घेतले. काचेवर दोनशेहून अधिक दीर्घिका उमटल्या होत्या आणि मधोमध त्यांतली सर्वांत तेजस्वी. तिचा गाभा दुहेरी दिसत होता. बाडे म्हणाले, या एकमेकींवर आदळणाऱ्या दोन दीर्घिका आहेत. त्यांचे सहकारी रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांना हे पटेना. तेव्हा पैज लागली. (पैजेची वस्तू काय होती, ते आपल्या स्मरणिकेत न लिहिलेले बरे.)

निकाल वर्णपटाने द्यायचा होता. साध्या दीर्घिकेच्या वर्णपटात बहुधा ताऱ्यांच्या प्रकाशातील काळ्या रेषा दिसतात. येथे मात्र ऑक्सिजन, निऑन अशा प्रखर तापलेल्या वायूंच्या तेजस्वी रेषा निघाल्या, आणि त्याही तांबड्या टोकाकडे सरकलेल्या. म्हणजे ही दीर्घिका सेकंदाला सुमारे १७ हजार किलोमीटर वेगाने दूर जात होती. टक्करीवाचून वायू इतका तापेल कसा? मिन्कोव्स्कींनी हार मान्य केली. १९५४ साली दोघांनी मिळून निबंध प्रसिद्ध केला.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला खरी गंमत पुढेच वाटते. आदल्याच वर्षी, १९५३ साली, इंग्लंडमधील जॉड्रेल बँक येथे जेनिसन आणि आपले भारतीय शास्त्रज्ञ मृणालकुमार दासगुप्ता यांनी दाखवून दिले होते की या रेडिओ लहरी मुख्यतः त्या दीर्घिकेतून येतच नाहीत! तिच्या दोन्ही बाजूंना, दूरवर, दोन मोठे लोट आहेत. लहरी त्यांतून येतात. दोन दीर्घिका आदळल्याने असे कसे घडावे, याचे समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हते.

पुढे अशा उद्गमांच्या दीर्घिका एकामागून एक ओळखल्या गेल्या. प्रबळ रेडिओ उद्गम बहुतेक करून प्रचंड लंबवर्तुळाकार दीर्घिकांत सापडतात. आपल्या आकाशगंगेसारख्या सर्पिल दीर्घिकांत क्वचितच. सिग्नस ए हीदेखील तशीच एक दीर्घिका, सुमारे ७५ कोटी प्रकाशवर्षे दूर. गाभा दुहेरी भासला तो मुख्यतः मध्ये आडव्या आलेल्या धुळीच्या पट्ट्यामुळे. वायू तापवणारी आणि ते लोट बाहेर फेकणारी शक्ती केंद्रातील कृष्णविवराची आहे. २००३ साली त्याचे वजन मोजले गेले: सूर्याच्या सुमारे २५० कोटी पट!

बाडे १९६० साली निवर्तले. ही हकीकत त्यांना कळली नाही. मिन्कोव्स्की जी पैज हरले, ती खरे तर त्यांनी हरायला नको होती. त्यांनी टिपलेल्या वर्णरेषा मात्र आजही तशाच खऱ्या आहेत.