विंडोज सक्रियण
विंडोज सक्रियण ही मायक्रोसॉफ्टच्या विंडोज या संचालन प्रणालीची प्रत परवानाधारक असल्याची खातरजमा करणारी प्रक्रिया आहे. विंडोजमध्ये तिचा अवलंब २००१ साली विंडोज एक्सपीपासून झाला. सक्रियण संगणकाच्या हार्डवेअरशी निगडित असल्याने मदरबोर्ड बदलल्यास ते पुन्हा करावे लागू शकते. नव्या संगणकासोबत मिळालेला ओईएम परवाना, अटींनुसार, त्याच संगणकापुरता असतो. स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना मात्र जुन्या संगणकावरून काढून नव्या संगणकावर वापरता येतो. २०१६ पासून विंडोज १० चा डिजिटल परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडता येतो. हार्डवेअर बदलण्यापूर्वी अशी जोडणी केल्यास पुनर्सक्रियण सुलभ होते; परंतु तेवढ्याने ओईएम परवाना दुसऱ्या संगणकावर नेण्याचा हक्क मिळत नाही.