राणीचं नाव काय?

मे महिन्यातली गोष्ट. ह्यूस्टनमध्ये रात्रभर पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. आमची कन्या ड्राइव्हवेवरून औषधाच्या रिकाम्या बाटलीत एक मुंगी घेऊन आली. पंख गळालेली, पोट फुगीर. "बाबा, ही क्वीन आहे. पण कुठली?" माझं शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, मुंग्यांशी संबंध साखरेच्या डब्यापुरता! पण लेकीचा प्रश्न, म्हणून वाचायला बसलो.

एकटी राणी ओळखणं अवघड, कारण ती कामकरी मुंग्यांसारखी दिसेलच असं नाही. आपल्या आंब्यावरची, पानं जोडून घरटं करणारी तांबडी ओंबील घ्या. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियसने १७७५ साली भारतातल्या एका राणीवरून तिला 'स्मॅराग्डिना', म्हणजे पाचूसारखी, असं नाव दिलं. राणी हिरवट असते ना! चावणाऱ्या तांबड्या फौजेलाही तेच नाव चिकटलं. म्हणून जाणकार सांगतात, राणीला अंधारात ठेवा, कामकरी मुंग्या निघू द्या, मग ओळखा.

अमेरिकेतल्या 'फायर अँट'च्या बाबतीत ओळख चुकली ती अशी. दक्षिण अमेरिकेतली काळी जात १९१८ च्या सुमारास अलाबामातल्या मोबील बंदरात आली. १९३० च्या दशकात मागोमाग तांबडी आली. १९४२ मध्ये तेरा वर्षांच्या एडवर्ड विल्सनला घराशेजारच्या मोकळ्या जागेत तिचं वारूळ दिसलं. हाच मुलगा पुढे हार्वर्डचा जगप्रसिद्ध मुंगीतज्ज्ञ झाला. पण तेव्हा सगळे काळी आणि तांबडी ही एकाच जातीची दोन रूपं मानत होते.

१९५७ साली काँग्रेसने निर्मूलनाला मंजुरी दिली. लाखो एकरांवर हेप्टाक्लोर आणि डिल्ड्रिन ही विषं टाकली गेली. पक्षी मेले, मासे मेले. रेचेल कार्सनने १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये या मोहिमेवर कडक टीका केली. मुंगी मात्र पसरतच गेली. अखेर १९७२ मध्ये विल्यम ब्युरेनने दाखवून दिलं की या दोन वेगळ्या जाती आहेत. तांबडीला त्याने नाव दिलं 'इन्व्हिक्टा', म्हणजे अजिंक्य! गंमत म्हणजे १९१६ मध्येच तिला 'वाग्नेरी' असं नाव मिळालेलं होतं, ते पुढे उजेडात आलं. पण तोवर 'इन्व्हिक्टा' रुळलं होतं, म्हणून २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने तेच कायम केलं.

नुसत्या नावाने काय होतं? नाव कळलं की मूळ गाव कळतं, आणि तिथे तिचे नैसर्गिक शत्रू शोधता येतात. या मुंगीच्या अंगात अंडी घालणाऱ्या चिमुकल्या माश्या दक्षिण अमेरिकेतून आणून १९९० च्या दशकात इथे सोडल्या गेल्या. त्यांनी मुंगी संपली नाही, पण विष न फवारता तिच्यावर थोडा वचक बसला.

आमच्या बाटलीतल्या कामकरी मुंग्या निघाल्यावर त्या भिंगाखाली पाहिल्या. कंबरेला दोन गाठी, मिशांना दहा सांधे, शेवटचे दोन जाड. जबड्याच्या वरच्या कडेला मधोमध एक बारीक दात, जो टेक्ससच्या मूळच्या फायर अँटमध्ये सहसा नसतो. म्हणजे इन्व्हिक्टाच! बाहेर सोडणं बरोबर नव्हतं, म्हणून बाटली फ्रीजरमध्ये ठेवायचं ठरलं.

कन्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण बाबा, ती जन्मली तर इथेच ना?"

याचं उत्तर मी अजून शोधतोय.