असीरगढ आणि १९६९चा कौल
१६०१ साली असीरगढ कसा पडला, याविषयी अबुल फझल रोगराईकडे बोट दाखवितो, तर जेझुइट पाद्री लाच व फितुरीकडे. १९६९ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक मला या गडासारखीच भासते. नीलम संजीव रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही करणाऱ्या इंदिराजींनीच पुढे विवेकानुसार मतदानाची हाक दिली. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत लाभले नाही. आपले चिंतामणराव देशमुख तिसरे राहिले. अखेर व्ही. व्ही. गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ मतमूल्यांनी विजयी झाले. निनावी पत्रकाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, राष्ट्रपती स्वतः साक्षीला उभे राहिले. १९७०मध्ये याचिका फेटाळली गेली. मी तेव्हा विद्यार्थी होतो. निकाल आम्ही मानला. ‘विवेक’ हा शब्द मात्र त्यानंतर आमच्या घरी थट्टेनेच उच्चारला जाई.