केडगावला उतरा

१८९७ साल नुकतंच लागलंय आणि तुम्ही मध्यप्रांतात आहात. जबलपूरच्या मुलखात पिकं करपून गेली आहेत. दुष्काळी छावणीच्या आवारात माणसं सावली धरून पडली आहेत. पोरींच्या हातापायांच्या काड्या झाल्यात. कुंपणाशी घुटमळणाऱ्या दलालांकडेही बघा. मूठभर धान्य दाखवलं की पोरगी मागे येते, हे त्यांना ठाऊक आहे.

त्याच गर्दीत पांढऱ्या लुगड्यातल्या, केस कापलेल्या, अडतीस वर्षांच्या एक बाई फिरताहेत. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून बोलणाऱ्याच्या अगदी जवळ जातात. या पंडिता रमाबाई. आई, वडील आणि बहीण त्यांनी दुष्काळातच गमावली. भूक म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको.

मुलींबरोबर तुम्हीही गाडीत बसा. पुण्यात प्लेगची साथ आहे, त्यामुळे रमाबाईंच्या तिथल्या शारदासदनात, विधवांसाठीच्या शाळेत, नवी माणसं ठेवायला परवानगी नाही. म्हणून पुण्याच्या पुढे, दौंडच्या वाटेवर, केडगाव स्टेशनला उतरायचं. रमाबाईंनी इथे जमीन घेतली होती ती फळबागेसाठी, सदनाचा खर्च तिच्या उत्पन्नातून निघावा म्हणून. आता त्याच माळावर तंबू उभे राहतात. तीनेकशे मुली आल्यात. पोटभर जेवण एकदम सोसायचं नाही, म्हणून आधी पातळ पेज. एक मुलगी हातातली भाकरी अर्धीच खाते आणि उरलेली पदराच्या गाठीत बांधते. उद्याही मिळेल, यावर तिचा अजून विश्वास नाही.

दोन वर्षं पुढे या. १८९९. चर्चचा पाया घातला जातोय. इथली ख्रिस्ती मंडळी त्याला देऊळच म्हणतात. मला या गोष्टीचा क्रम फार मोलाचा वाटतो: आधी चूल, पाणी आणि डोक्यावर छप्पर, आणि मग देऊळ. पुढच्याच वर्षी गुजरातेतल्या दुष्काळातून मुलींच्या तुकड्या येऊ लागतात आणि केडगावच्या या आश्रमाची, म्हणजे ‘मुक्ती’ची, वस्ती दोन हजारांच्या घरात जाते.

पुण्यातला राग तुमच्या कानांवर आला असेलच. १८९३ साली सदनातल्या मुलींच्या धर्मांतरावरून गदारोळ उठला, समाजसुधारक रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण छावणीतल्या त्या पोरीला दार उघडून आत घेणाऱ्यांची नावं मोजायला बसलात, तर यादी फार लांबत नाही, आणि तिच्यात रमाबाईंचं नाव ठळक आहे.

आता विसावं शतक लागून काही वर्षं झाली आहेत. देवळात शेकडो मुली जमिनीवर मांडी घालून बसल्यात. प्रार्थना संपते आणि सगळ्या आपापल्या कामाला पांगतात: कुणी मागावर, कुणी तेलघाणीवर, कुणी गोठ्यात, शेतात, शिवणात. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपासदन आहे. रमाबाईंची लेक मनोरमा अमेरिकेतून ब्रेल शिकून आली आहे, तेव्हा आंधळ्या मुलींच्या वर्गात थोडं थांबा. एकजण बोटाचं टोक कागदाच्या उंचवट्यांवरून सरकवते, अडते, मागे जाते, पुन्हा चाचपते. मग अक्षर मोठ्याने म्हणते. शेजारची तिची चूक दुरुस्त करते. दोघींनाही दिसत नाही.

छापखान्यात शाईचा उग्र वास आहे. बायका उभ्यानेच खिळे जुळवताहेत, अक्षर उलटं धरून सुलटं वाचताहेत. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणताहेत, साध्या बाईलाही वाचता यावं म्हणून. १९२२ साली त्या जातील तोवर हे काम त्यांच्या हातून सुटणार नाही. ज्या बायका पाने जुळवताहेत, त्यांतल्या कितीतरी जणींनी इथे येण्याआधी पाटीही हातात धरली नव्हती.

तुम्ही दारात नुसतेच उभे आहात, हे एका बाईंच्या लक्षात येतं. तुमचा धर्म, जात, गाव काही न विचारता त्या म्हणतात, "तुम्हांला कुठलं काम येतं?" शिकवणं, शिवणं, रहाटावर पाणी ओढणं, जे येत असेल ते सांगा. जेवणाच्या घंटेला अजून वेळ आहे.