चंची आणि पुडी

मिरची, भुईमूग आणि तंबाखू, तिन्ही पिकं मूळची आपली नव्हेत. अमेरिकेतनं पोर्तुगीजांच्या गलबतात बसून आली. त्यातली तंबाखू दिल्लीकडनं खाली उतरली असं पुष्कळांना वाटतं, पण ती आपल्या अंगाकडनं वर गेली. आमच्या लोहाऱ्यापासून नळदुर्गचा किल्ला जवळ, आणि तो विजापूरच्या आदिलशाहीतला. अकबर बादशहाचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास विजापूरला आला होता. तिथं त्यानं तंबाखू पाहिली आणि नळीसकट बादशहापुढं नेऊन ठेवली. हकिमानं हरकत घेतली, की ही वस्तू आपल्या ग्रंथांत नाही. बादशहानं तरी थोडी ओढून बघितलीच. पुढं त्याच्या पोरानं, जहांगीरनं, १६१७ ला तंबाखूवर बंदी घातली. बंदीचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

माझ्या लहानपणी चंची नसलेला बाप्या गावात शोधावा लागे. चंचीत पान, सुपारी, कात, चुन्याची डबी आणि तंबाखू. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसानं "तंबाखू हाय का?" म्हणून हात पुढं केला तर कुणी नाही म्हणत नसे. पाणी मागितलं तर जात विचारणारी माणसं तंबाखू मुकाट द्यायची. फक्त वरनं टाकायची, हाताला हात लागू न देता. बायकांची मिसरी वेगळी. तव्यावर तंबाखू भाजायला लागली की घरभर ठसका. आई, आज्जी सकाळी दारात बसून दात घासायच्या आणि शेजारी बसलेलं लेकरू त्याच डबीत बोट घालायचं. कुणी हटकत नसे. उलट, दात किडत नाहीत म्हणायचे.

विडीचं मात्र तसं नव्हतं. विडी वडीलधाऱ्यांपुढं ओढायची नाही, हा दंडक. चाळिशीचा, चार लेकरांचा बाप, पण म्हाताऱ्याची चाहूल लागली की पेटती विडी पायाखाली दाबायचा. हैदराबादची चारमिनार सिगारेट आमच्याकडं निजामाच्या राजवटीपासून माहीत. ती नोकरदाराच्या खिशात दिसायची. शाळकरी पोरं विडीची थोटकं गोळा करून ओढ्याला, बाभळीच्या आड ओढायची. सापडलं की बापाचा मार ठरलेला. आणि त्याच पोराला त्याच संध्याकाळी बाप म्हणायचा, "जा रं, दुकानातनं दहा पैशाची तंबाखू आण." पोरगं आणायचं, येता येता चिमूटभर गालात धरायचं. त्याबद्दल मार खाल्लेलं पोरगं मला आठवत नाही.

म्हणजे राग धुराचा होता, तंबाखूचा नव्हता. धूर दिसतो, वास येतो, वडिलांची मर्यादा मोडते. गालातली तंबाखू कुणाची मर्यादा मोडत नाही. पोरांनी यातनं जे शिकायचं ते शिकून घेतलं. सरकारी पाहणीत २०१६-१७ साली महाराष्ट्रात मोठ्या माणसांमध्ये ओढणारे शंभरात चारसुद्धा भरले नाहीत, पण तोंडात धरणारे चोवीस निघाले. शहरातली मंडळी ह्या आकड्याचं नवल करतात. मला त्यात आमच्या घराघरातला दंडक दिसतो.

१९७२ च्या दुष्काळानं ह्यात भर घातली. मी तेव्हा बारा वर्षांचा. रोजगार हमीसारखं कायद्याचं काम अजून नव्हतं, दुष्काळी कामं निघायची. खडी फोडायला माणसं जायची, त्यांच्या मागं माझ्या वयाची पोरंही. दुपारला सुकडी मिळायची, पण ती कितीशी पुरणार? जाणती माणसं सांगायची, बार भरला की भूक मरती. भूक मारायला शिकलेली ती पोरं नंतर पोट भरलं तरी बार सोडू शकली नाहीत.

तरी चंची ही कमरेची वस्तू होती, शाळेच्या खिशात मावत नव्हती. पुडी मावली. १९९० च्या आगंमागं गुटख्याच्या पुड्या आल्या. गोड, वासाच्या, रंगीत. चुना मळायची खटपट नाही. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या पट्ट्यात, सास्तूरकडं, पत्र्याची शेडं उभी राहिली, बांधकामं निघाली, ट्रक आले, मजूर आले. रस्त्याला टपऱ्या लागल्या आणि टपऱ्यांना पुड्यांच्या माळा. पोरं गोळ्या घ्यायला जायची, ती पुडी घेऊन यायची.

आमच्या भावकीतला एकजण आठवीपासून पुडी खायचा. विशीत त्याचं तोंड दोन बोटांपुरतं उघडायला लागलं. भाकरीचा घास चपटा करून आत सारायचा. तिखट लागलं की डोळ्यांतनं पाणी. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, ही सुपारीची करणी, गाल आतनं ताठ होतो, आणि पुढं कॅन्सरकडं जायची ही वाट आहे. पुडी सुटली तरी गाल पहिल्यासारखा होत नाही. पोरगं चांगलं होतं, भजनात आवाज लावायचं. आता मागं टाळ धरून बसतं.

राज्यानं २००२ ला गुटखाबंदी केली, २००४ ला ती सुप्रीम कोर्टात टिकली नाही, २०१२ ला पुन्हा केली. २००३ च्या कायद्यानं अठराच्या आतल्याला तंबाखू विकायची नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांत विकायची नाही असं ठरलं. शाळेच्या भिंतीवर तसा बोर्ड आहे. शंभर यार्ड म्हणजे शाळकरी पोराची दीड मिनिटाची वाट. कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. देशभरच्या शाळांच्या पाहणीत तेरा ते पंधरा वयाची तंबाखू घेणारी पोरं २००९ ला शंभरात साडेचौदाच्या वर होती, ती २०१९ ला साडेआठवर आली. हे थोडं नाही. पण त्याच पाहणीत निघालं, की तोंडात तंबाखू धरणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त पोरांनी सुरुवात दहा वर्षांची व्हायच्या आत केली. दहाच्या आतलं लेकरू टपरीवर कुणाच्या पैशानं जातं? घरच्यानं हातात दिलेल्या.

आमच्याकडं सोयाबीन काढायला टोळी गुत्त्यानं येते. मजुरीवर तंबाखूची पुडी द्यायची रीत आहे, माणशी एक. रविवार असला की टोळीत नववी-दहावीची पोरंही असतात, आणि मुकादम पुड्या मागताना त्यांचीही डोकी मोजतो. गेल्या हंगामात मी पोरांच्या वाटची पुडी बंद केली आणि गूळ-शेंगदाणे दिले. दोघांनी खाल्ले. तिसरा म्हणाला, "तात्या, मला पुडीचे पैसेच द्या." मुकादम हसला. मी पैसे दिले नाहीत. पुढच्या रविवारी तो पोरगा टोळीत आला नाही, पलीकडच्या रानात कामाला दिसला.