लैंगिक अल्पसंख्याकांचे हक्क आणि राजनय

समलिंगी, उभयलिंगी व पारलिंगी व्यक्तींचा परदेशात होणारा छळ थांबावा आणि त्यांना गुन्हेगार ठरवणारे कायदे रद्द व्हावेत, यासाठी सरकारे व आंतरराष्ट्रीय संस्था जे राजनैतिक प्रयत्न करतात त्यांचा येथे विचार केला आहे. संबंधित सरकारशी बंद दाराआड बोलणी, खटल्याच्या सुनावणीला दूतावासाच्या अधिकाऱ्याची हजेरी, संयुक्त राष्ट्रांतील ठराव, व्हिसाबंदी आणि आर्थिक मदत रोखणे ही त्याची मुख्य साधने. यांतील पहिली दोन वर्तमानपत्रांत क्वचितच येतात, पण अटकेतल्या माणसाला बहुधा त्यांचाच आधार असतो.

या प्रयत्नांना कायद्याचा पाया मिळाला तो १९९४ मध्ये. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया राज्याचा समलिंगी संबंधांविरुद्धचा कायदा खाजगीपणाच्या हक्काचा भंग करतो, असा निर्णय संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने टूनन प्रकरणात दिला. राजकीय पाठिंबा मात्र हळूहळू जमला. २००३ मध्ये ब्राझीलने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापुढे ठराव मांडला, पण तो पुढे ढकलला गेला आणि अखेर सोडून द्यावा लागला. २००८ मध्ये आमसभेत अर्जेंटिनाने ६६ देशांच्या वतीने निवेदन वाचले. सीरियाने लगेच विरोधी निवेदन वाचले. मानवी हक्क परिषदेत या विषयावरचा पहिला ठराव दक्षिण आफ्रिकेने २०११ मध्ये आणला व तो २३ विरुद्ध १९ मतांनी संमत झाला. २०१६ मध्ये लॅटिन अमेरिकी देशांच्या पुढाकाराने याच विषयासाठी स्वतंत्र तज्ज्ञाचे पद निर्माण झाले आणि त्यावर थायलंडचे वितित मुंतारभोर्न यांची नेमणूक झाली. हा सारा पाश्चात्त्यांचा उद्योग आहे, असे म्हणणाऱ्यांनी या देशांची नावे एकदा नीट पाहावीत.

वैयक्तिक शिष्टाईने काय साधते आणि काय साधत नाही, हे मलावीत दिसले. २० मे २०१० रोजी तेथील न्यायालयाने साखरपुडा केलेल्या एका जोडप्याला १४ वर्षे सक्तमजुरी ठोठावली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस बान की-मून २९ मे रोजी लिलाँग्वे येथे राष्ट्राध्यक्ष बिंगू वा मुथारिका यांना भेटले आणि त्याच दिवशी माफी जाहीर झाली. दोघे सुटले; कायदा मात्र जागच्या जागी राहिला.

या राजनयाची सर्वांत कठोर परीक्षा युगांडात झाली. समलिंगी संबंधांना बंदी घालणारे कलम तेथे ब्रिटिश अमदानीपासून होतेच. २००९ मध्ये खासदार डेव्हिड बहाती यांनी काही प्रसंगी मृत्युदंडाची तरतूद असलेले नवे विधेयक आणले. त्याआधी काही महिने अमेरिकेतून आलेल्या ख्रिस्ती प्रचारकांनी कंपालात समलिंगीविरोधी परिसंवाद भरवला होता. विधेयकाचे समर्थक समलैंगिकतेलाच परकी आयात म्हणत, हे या पार्श्वभूमीवर लक्षात घेण्याजोगे आहे. परदेशी नेत्यांचे फोन येऊ लागल्यावर राष्ट्राध्यक्ष योवेरी मुसेवेनी यांनी पक्षाला बजावले, की आता हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न झाला आहे, सबुरीने घ्या. त्यानंतर विधेयक काही वर्षे रेंगाळले.

मग ऑक्टोबर २०१२ मध्ये क्वेबेकमधील आंतरसंसदीय परिषदेत कॅनडाचे परराष्ट्रमंत्री जॉन बेर्ड यांनी युगांडावर जाहीर टीका केली. युगांडाच्या संसदेच्या सभापती रिबेका कडागा यांनी तेथेच त्यांना उलट सुनावले. मायदेशी विमानतळावर त्यांचे जंगी स्वागत झाले आणि विधेयक ही नाताळची भेट असेल, असे आश्वासन त्यांनी दिले. बेर्ड यांचा हेतू चांगला होता, पण त्यांच्या भाषणाने विधेयकाच्या समर्थकांना स्वाभिमानाचा झेंडा मिळाला. डिसेंबर २०१३ मध्ये ते संमत झाले. मृत्युदंडाऐवजी जन्मठेप आली होती. २४ फेब्रुवारी २०१४ रोजी मुसेवेनींची सही झाली. नॉर्वे व डेन्मार्क यांनी सरकारला जाणारी मदत रोखली वा वळवली, तर जागतिक बँकेने आरोग्य क्षेत्राचे ९ कोटी डॉलरचे कर्ज लांबणीवर टाकले. युगांडातील हक्क संघटनांची भूमिका निराळी होती. सरसकट मदतकपात नको, दवाखान्यांना झळ पोहोचली तर दोष आमच्यावर येईल, असे त्यांचे म्हणणे होते. ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी २०११ मध्ये मदत कापण्याचा इशारा दिला तेव्हाही आफ्रिकी कार्यकर्त्यांनी हेच पत्रक काढून सांगितले होते. ज्यांच्या नावाने ही शिष्टाई चालते त्यांना आधी विचारणे, एवढी साधी गोष्ट पुनःपुन्हा राहून गेली. १ ऑगस्ट २०१४ रोजी घटना न्यायालयाने गणपूर्तीअभावी कायदा रद्द केला. याचिका स्थानिक लोकांची होती. २०२३ मध्ये तो पुन्हा आला, आणि या वेळी काही प्रकारांसाठी मृत्युदंडासह. जागतिक बँकेने नवी कर्जे थांबवली, अमेरिकेने व्यापारसवलती काढून घेतल्या. तरी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने कायद्याचा बहुतांश भाग कायम ठेवला.

भारताची भूमिका निराशाजनक आहे. मानवी हक्क परिषदेत या विषयावरील २०१४ व २०१६ च्या ठरावांवर भारत तटस्थ राहिला. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांचे लाभ काढून घेण्याचा रशियाचा प्रस्ताव मार्च २०१५ मध्ये ८० विरुद्ध ४३ मतांनी फेटाळला गेला, तेव्हा भारताचे मत रशियाच्या बाजूने पडले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. त्यानंतर २०१९ मध्ये परिषदेतील मतदानातही भारत तटस्थच राहिला. हेच कलम राजनैतिक हत्यार म्हणून वापरण्याची सूचनाही एकदा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी ३७७ पुन्हा पूर्ण लागू केले आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये भारतीय राजनैतिक अधिकारी देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. तेव्हा माजी परराष्ट्रमंत्री यशवंत सिन्हा यांनी अमेरिकी अधिकाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना या कलमाखाली अटक करा, असे जाहीरपणे सुचवले. सरकारने तसे केले नाही. पण दोन देशांच्या भांडणात या माणसांना ओलीस धरता येते, असे एका जबाबदार नेत्याला वाटावे, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

अमेरिकेपुरते बोलायचे तर, २०११ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी देशाच्या परदेशांतील सर्व यंत्रणांना या हक्कांसाठी काम करण्याचे निर्देश दिले होते आणि २०१५ मध्ये त्यासाठी विशेष दूत नेमला होता. २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत मोठ्या प्रमाणावर थांबवली, तेव्हा आफ्रिकेतील एचआयव्ही सेवांबरोबर समलिंगी व पारलिंगी रुग्णांना आपलेपणाने तपासणारी केंद्रेही अडचणीत आली. त्याच वर्षी जून महिन्यात जागतिक बँकेने युगांडाला नवी कर्जे देणे पुन्हा सुरू केले, आणि तेव्हा २०२३ चा कायदा तेथे लागूच होता.